गाडीखालची सावली

१२ जानेवारी

स्वस्ति श्री. अखिल-पट-मंडलाधीश, रविकिरण-निरोधक, गवाक्ष-आच्छादन-चूडामणी, चुणी-झालर-कडी-विशारद, मापपट्टी-कंठाभरण, श्रीमंत मी – अर्थात पडद्यांच्या दुकानाचा एकमेव मालक आणि त्याच दुकानाचा एकमेव नोकर, स्वगृही 'अहो' आणि थोरल्या बंधूंकडे 'बारक्या' या उपाधीने ओळखला जाणारा बावन्न वर्षांचा गृहस्थ – आज सायंकाळच्या चहानंतर, पूर्ण शुद्धीत, पुढील प्रतिज्ञा करतो : दादाच्या गावात मी सूर्य आणीन.

हे गाव संगणकात आहे. तपशील लिहून ठेवणे आवश्यक, कारण प्रतिज्ञा मोडायच्या झाल्या तर मी त्या सर्वप्रथम तपशिलापासूनच मोडतो.

दादा म्हणजे वाहन परवान्याचा निवृत्त परीक्षक. दोन पिढ्यांना नापास करून सन्मानाने घरी बसलेला. एकटा जीव, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नोव्हेंबरात न्हाणीघरात पाय सरकला, खुब्याचे हाड मोडले, आत सळई घातली. हाड आज्ञाधारक निघाले, यथाकाल जुळले. माणूस मात्र खुर्चीतून उठायला तयार नाही. आज फिजिओबाईंनी मला पॅसेजमध्ये गाठले. त्या हळू आवाजात बोलतात, त्यामुळे भीती जास्त वाटते.

"हाडाचं काही नाही हो. मांडीचे स्नायू चाललेत. आत्ता चालले नाहीत तर उन्हाळ्यापर्यंत कायमचे खुर्चीचे झाले म्हणून समजा. मग मी येऊनही उपयोग नाही."

"मग करायचं काय?"

"त्यांना कुठंतरी जावंसं वाटलं पाहिजे. ते काही माझ्या व्यायामात नाही."

आत जाऊन मी हेच, वळणावळणाने, दादाला सांगितले. तो म्हणाला, "कुठं जाऊ? खाली माझ्यासाठी काय मांडून ठेवलंय?" आणि पुन्हा खेळू लागला. खेळ जुनाट आहे. एक गाव, रस्ते, टेकड्या, सिग्नल, आणि मोटार. शर्यत करणे हा मूळ उद्देश असावा. दादा मात्र ठरवून दिलेल्या वेगाने, डाव्या बाजूने गाडी नेतो आणि इतर चालकांना नापास करतो. "तो बघ. इंडिकेटर न देता वळला. घरी जा." "हिला आरशाचा उपयोगच माहीत नाही."

आज एका सिग्नलला थांबून तो म्हणाला, "बारक्या, या गावात सूर्य रजेवर असतो का रे? सगळं कसं आमच्या ऑफिसच्या भिंतीसारखं."

माझी तर्कशृंखला अशी : सूर्य आला तर दादा प्रसन्न होईल. प्रसन्न मनुष्य उठतो. इति सिद्धम्.

१४ जानेवारी

अध्ययनास प्रारंभ. खेळाच्या अंतरंगाला हात न लावता प्रकाश बदलण्याची एक विद्या आहे, तिला शेडर म्हणतात. खेळाने चित्र तयार केले की ते डोळ्यापर्यंत पोहोचण्याआधी मध्येच अडवायचे, त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर संस्कार करायचे, आणि मग पुढे सोडायचे. म्हणजे खिडकी तीच, ऊन तेच. मी फक्त मध्ये एक जाळीदार कापड लावायचे. हे तर मी सव्वीस वर्षे करतो आहे!

सौभाग्यवतींना ही उपमा ऐकवली. म्हणाल्या, "गिऱ्हाइकांच्या खिडक्यांवरचं ऊन अडवून ते तुम्ही आता दादांकडे नेणार म्हणा की." उपमा त्यांचीच बरी निघाली, म्हणून इथे टिपून ठेवतो.

१५ जानेवारी

उत्साहाच्या भरात किरणे, धुके, तेजोवलय, ओल्या रस्त्यावरची चकाकी – सारे एकाच वेळी चालू केले. संगणकाच्या पंख्याने घोर गर्जना केली आणि गाव जागच्या जागी गोठले. सूर्यही गोठला. प्रलयकाळ साधारण असाच असावा.

१९ जानेवारी

अपमान. सविस्तर लिहितो, कारण अपमान विसरण्यात माझा हातखंडा आहे.

पेनड्राइव्हमध्ये सूर्य घालून दादाकडे गेलो. स्वयंपाकाच्या मावशी कांदा चिरत होत्या, त्यांनाही बाहेर बोलावले. उद्घाटनपर दोन शब्द बोललो. कळ दाबली.

गाडीच्या आत धुके. स्टिअरिंग धुक्यात, आरसा धुक्यात, दादाचे संगणकीय हात धुक्यात. आणि समोर, पार क्षितिजावर, टेकडीवरचे एकेक झाड सुरीने कापल्यासारखे स्वच्छ.

"हे काय रे? काचेच्या आत धुकं? आणि टेकडीवर पाटी वाचता येतेय?"

मी म्हणालो की हा एक कलात्मक प्रयोग आहे.

"कला गेली खड्ड्यात. लांबचं फिकं होतं, जवळचं स्वच्छ असतं. चाळीस वर्षं रस्त्यावर काढलीत मी. बघ, थांब, दाखवतो तुला." असे म्हणून त्याने खुर्चीचे हात धरले, उठला, वॉकर पुढे सरकवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथून मोठ्या रस्त्याचा शेवट दिसतो. "तो पूल बघ. कसा दुधात बुडवल्यासारखा दिसतोय? आणि ही समोरची गच्ची? कळलं?" मावशीही मागोमाग येऊन पुलाकडे बघत होत्या.

कळले ते असे. प्रत्येक ठिपका डोळ्यापासून किती दूर आहे याची नोंद खेळ स्वतःजवळ ठेवतो. काही खेळ ही नोंद उलटी ठेवतात, जवळ ते दूर आणि दूर ते जवळ. अशा वेळी 'उलटी आहे' या चौकटीत खूण करायची असते. मी केली नव्हती. या विद्येतली ही पहिलीवहिली, नवशिक्यांची चूक. पडद्यांच्या भाषेत सांगायचे तर मी अस्तर बाहेर आणि नक्षी भिंतीकडे करून पडदा टांगला, आणि वर भाषणही केले.

२१ जानेवारी

खूण केली. धुके गाडीतून निघून टेकडीवर जाऊन बसले. आता थांबणे नाही. दुकान बंद केले की सूर्य.

२५ जानेवारी

आज जे दिसले ते लिहिताना माझी नेहमीची भाषा थोडी अडखळते आहे.

कोपऱ्यांत काळोख भरला – भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे उजेड कमी पोहोचतो, तेवढाच कमी. उभ्या गाड्यांखाली सावल्या आल्या : चाकाशी गडद, बाहेर येता येता विरघळणाऱ्या, कडच नसलेल्या. एवढे होताच आजवर गावावर चिकटवल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या एकाएकी जमिनीवर उभ्या राहिल्या. त्यांना वजन आले. मग सूर्य टेकडीवर टेकवला. बेकरीच्या भिंतीवर ऊन तिरके पडले, आणि मी गाडी बाजूला घेऊन – खरेच सांगतो, इंडिकेटर देऊन – थांबलो.

सौभाग्यवती मागे येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "छान झालंय हो." सव्वीस वर्षांत एकाही पडद्याला हा अभिप्राय मिळालेला नाही.

२६ जानेवारी

दादाने सगळ्या गावातून एक फेरी मारली. बेकरीपाशी थांबला. शेवटी खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "पास."

त्याच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात प्रथम ऐकला. मलासुद्धा तिसऱ्या खेपेला परवाना मिळाला होता, आणि तोही त्या दिवशी दादा रजेवर होता म्हणून.

घरी येईपर्यंत जमिनीला पाय लागत नव्हते.

२९ जानेवारी

फिजिओबाईंचा दुकानात फोन. एका गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीचे माप सांगणे चालू होते, ते अर्धवट राहिले.

"रविवारपासून ते खुर्चीतून हलले नाहीत. जेवणसुद्धा तिथंच. मी हात धरला तर म्हणतात, थांबा हो बाई, आत्ता ऊन उतरतंय. काय दिलंत तुम्ही त्यांना?"

"सूर्य," मी म्हणालो.

"मग तो परत घ्या," बाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात काय झालं होतं? मावशी म्हणाल्या, आपण होऊन उठून खिडकीशी गेले. तसं काहीतरी करा."

फोन ठेवला. गिऱ्हाईक विचारत होते, पडदा जमिनीपर्यंत घ्यायचा की खिडकीपुरता. मी म्हणालो, "खिडकीशी गेले." गिऱ्हाईक गेले.

३० जानेवारी

तर्कशृंखलेची फेरतपासणी. प्रसन्न मनुष्य उठत नाही. प्रसन्न मनुष्य बसून राहतो. प्रसन्नतेचे लक्षणच ते. दादा उठला तो एकदाच – मी चुकलो तेव्हा. दुसऱ्याची चूक हातोहात दाखवून देणे हाच या पुरुषाचा प्राणवायू आहे, आणि मी मूर्खाने सगळ्या फटी बुजवून टाकल्या.

म्हणून संकल्प, मागच्याहून कठोर : जे पंधरा दिवस खपून बिनचूक केले ते स्वहस्ते बिघडवीन.

३१ जानेवारी

बिघडवणे ही अधिक सूक्ष्म विद्या आहे. ढोबळ चूक तो खुर्चीतूनच हाणून पाडील. आकाश हिरवे केले तर "डोळे तपास" म्हणेल आणि संपले. चूक अशी हवी की मी तिचे समर्थन करू शकलो पाहिजे. वाद व्हायला हवा. आणि पुरावा घराबाहेर हवा. शक्यतो जिन्याच्या खाली.

त्या गाड्यांखालच्या सावल्यांवर नजर गेली. मन मोडले, पण हात चालवला.

२ फेब्रुवारी

"ही गाडी काळ्या सतरंजीवर उभी केलीय का?"

"का? सावली आहे ती."

"सावलीला अशी कड असते? चाकाखाली जेवढी काळी तेवढीच टोकाला?"

"असते," मी म्हणालो. "गाडीखाली अंधार असतो, बाहेर उजेड. मध्ये कड. साधी गोष्ट."

"गाढवा, मी जन्मभर उभ्या गाड्यांच्या आजूबाजूला हिंडलोय."

"हिंडलास, पण खाली वाकून बघितलंस का कधी? तू इंडिकेटर बघायचास."

हे वर्मी लागले. त्याचे कान लाल झाले – लहानपणी मी त्याचे भोवरे लपवायचो तेव्हा व्हायचे तसे. "चल," म्हणाला. वॉकर घेतला. दार उघडले. जिन्याच्या पहिल्या वळणावर खिडकी आहे, तिथपर्यंत माझा खांदा आणि कठडा धरून उतरला. वाकून पाहिले. वरून फक्त गाड्यांची टपे दिसत होती. धाप लागलेली. "इथून नाही दिसत," म्हणाला.

"मग राहू दे. माझंच बरोबर असेल."

"गप्प बस."

वर नेऊन बसवला. मी जिना उतरताना शीळ घातली, हे नमूद करतो.

६ फेब्रुवारी

फिजिओबाई : "ते मला म्हणतात, जिना उतरायचा व्यायाम शिकवा. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, गाडीखाली बघायचंय. त्यांना काही... म्हणजे डोक्याला मार वगैरे लागला होता का पडले तेव्हा?"

मी बाईंना विश्वासात घेतले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चालू ठेवा. पण जिन्यात एकटे उतरू देऊ नका. पुन्हा पडले तर मग सावलीही नको आणि सूर्यही नको."

९ फेब्रुवारी

उतरला! पुढे मी, मागे बाई, मध्ये परीक्षक. प्रत्येक वळणावर थांबत, प्रत्येक थांब्यावर माझी अक्कल काढत. फाटकासमोर एक पांढरी गाडी उभी होती. दादाने वॉकर बाईंच्या हाती दिला, गाडीच्या दाराला धरून वाकला आणि खाली पाहू लागला. तेवढ्यात गाडीचा मालक आला.

"काय हो आजोबा, काय शोधताय?"

"सावली."

मालकाने माझ्याकडे पाहिले. मी परक्यासारखे आकाशाकडे पाहिले.

"इकडे या," दादा मालकाला म्हणाला. "बघा. चाकाशी काळी आहे ना? इथं? इथं फिकी? आणि इथं संपली कुठं, बोट ठेवून दाखवा बरं." बिचारा वाकला आणि बोट इकडून तिकडे हलवत राहिला. "नाही सांगता येत," म्हणाला.

"ऐकलंस बारक्या? नापास. आणि तुमच्या मागच्या चाकात हवा कमी आहे."

मी शक्य तेवढ्या दुःखाने पराभव मान्य केला. वर चढताना त्याने माझा खांदा दोनदाच धरला.

११ फेब्रुवारी

नव्या चुकीची जुळणी. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवरची सावली खरी तर निळसर असते. मी तपकिरी करणार. पुरावा : समोरच्या शाळेची भिंत. अंतर : रस्ता ओलांडून.

सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे त्यांना कळलं तर?"

"काय कळलं तर?"

"की धाकटा भाऊ आपल्याला कळसूत्री बाहुलीसारखा जिन्यातून खालीवर करतोय. त्या माणसाचं आयुष्य दुसऱ्याची लबाडी पकडण्यात गेलंय."

रंगाचा आकडा तपकिरीवर ठेवून झोपलो. झोप आली नाही.

१६ फेब्रुवारी

आज तपकिरी सावलीकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. तो एका डबक्यापाशी थांबला होता. हे डबके मी बिघडवलेले नव्हते; माझी उत्तम कृती म्हणून जसेच्या तसे राखले होते. पाण्यात समोरची दुमजली इमारत उलटी पडलेली, खिडक्यांसकट.

"हे बघ," तो म्हणाला आणि खेळातली नजर हळूहळू खाली नेली. इमारत पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर गेली. तत्क्षणी डबक्यातूनही पुसली गेली. पाणी कोरे, राखाडी. नजर वर केली, इमारत परत आली. खाली. गेली.

"हे नीट कर."

"होत नाही दादा."

"का?"

मी खरे सांगितले. आज समर्थन करण्यासारखे काही नव्हते. "शेडरला फक्त पडद्यावर आलेलं चित्र मिळतं. त्याच्यापलीकडे गाव आहे हे त्याला ठाऊकच नसतं. जे दिसत नाही त्याचं प्रतिबिंब तो कुठून आणणार?"

दादाने नजर आणखी एकदा वर नेली आणि पुन्हा त्या राखाडी पाण्यावर आणली. फिजिओबाई दारात येऊन थांबल्या होत्या.

"म्हणजे मागं काय आहे ते याला कधीच कळणार नाही?"

"नाही."

"मग मोठाच नापास आहे हा," तो म्हणाला. आवाजात चढ नव्हता, विजय नव्हता. हात लांब करून त्याने स्वतःच पडदा बंद केला, आणि मला म्हणाला, "तू जा घरी."

वाद नाही. कान लाल नाहीत. मी जिना उतरलो, शीळ नाही.

१८ फेब्रुवारी

फोन केला. मावशींनी घेतला. "साहेब खेळत नाहीत हो आता. झाकण घालून ठेवलंय." बरे आहेत का? "गप्प असतात." पुढे विचारण्याचा धीर झाला नाही. फिजिओबाई आठवडाभर बाहेरगावी.

मीच त्याचे गाव त्याच्या हातातून काढून घेतले. आधी सूर्य देऊन बसवले, मग चुका करून हलवले, आणि जी एक चूक माझी नव्हती तिने सगळा खेळच संपवला. आता ती खुर्ची, ती राखाडी काच, आणि उन्हाळा जवळ आला आहे.

२० फेब्रुवारी

हाय खाणे हा आमच्या घराण्याचा धर्म नाही. पर्याय शोधला. डबक्याचा दोष मुळातून जात नाही, पण झाकता येतो : मोठा पडदा घेतला आणि नजरेचा कोन रुंद केला की गाव अधिक मावते, कडा दूर जातात, इमारत सहजी बाहेर जात नाही. आमच्या घरच्या टीव्हीचा पडदा भला थोरला आहे. तोच नेणार. शिवाय सगळ्या सावल्या पुन्हा खऱ्या केल्या. लबाडी बंद. त्याला खेळायचे असेल तर खऱ्या उजेडात खेळू दे. उठवायचे कसे ते पुढे पाहू, हाताला धरून उठवीन.

सौभाग्यवती : "आणि मी मालिका कशावर बघू?"

हा त्याग इतिहासात नोंदला जाईल असे त्यांना आश्वासन दिले. त्यांनी इतिहासाबद्दल एक अनुचित उद्गार काढला.

२३ फेब्रुवारी

मापांच्या वहीत, दादाच्या जिन्यात बसून लिहितो आहे.

पडदा खोक्यात घालून तीन मजले चढवला. दाराला कुलूप. बाहेरून. कडी हलवली, हाक मारली, नको नको ते मनात आले. तेवढ्यात समोरच्या काकूंनी दार उघडले.

"ते होय? ते गेले फिरायला. गेला सोमवार धरून रोज जातात की या वेळी."

"रोज? कुणाबरोबर?"

"आमचे हे जिन्यापुरते खाली सोडतात, मग एकटेच. काठी असते. परवा तिकडं तळ्याच्या काठी दिसले होते यांना, पाण्यात वाकून बघत होते. तुमच्यासाठी निरोप आहे. म्हणाले, बारक्या आला तर सांगा, मान खाली घातली तरी समोरची झाडं पाण्यात तशीच राहतात, मी तपासलंय. आणि म्हणाले, सावल्या मुद्दाम चुकवायच्या तर जरा सफाईनं चुकवत जा म्हणावं."

कधी येतील? ते काकूंना ठाऊक नाही. किल्ली? ती त्याच्या खिशात. काकूंनी दार लावून घेतले. त्यांच्या दारापुढे कुंड्या, दादाच्या दारापुढे दुधाच्या पिशव्यांचा खिळा आणि चपलांचे कपाट, आणि उरलेल्या जागेत मी. एवढ्या मोठ्या इमारतीच्या जिन्यात एक खोके टेकवायला सपाट जागा असू नये, हे कोणत्या वास्तुशास्त्रात बसते? पायरीवर ठेवले तर घसरते. मांडीवर घेतले तर पायाला मुंग्या येतात. आणि चौथ्या मजल्याचे एक गृहस्थ आताच दुसऱ्यांदा मला ओलांडून गेले, तेव्हा म्हणाले की सामान असे वाटेत ठेवू नये.

ठेवू नये तर ठेवू कुठे?